कानोसा

दारूच्या घरात वाढलेलं मूल पावलांवरून माणसाची अवस्था ओळखतं. पाऊल जड पडतंय की घासत येतंय, किल्ली झटकन लागते की कुलपाभोवती चाचपडत राहते, दार लोटलं जातं की ढकललं जातं, एवढ्यावरून त्याला पुढची रात्र कशी जाणार ते कळतं. हे कसब कुणी शिकवत नाही, आणि एकदा अंगात मुरलं की धोका टळल्यावरही जात नाही. माझ्या बाबतीत तेच झालं. त्या कसबानं पुढे माझ्या शरीराचं काय केलं, मी ते कसं सैल केलं आणि त्यातलं ठेवण्यासारखं होतं ते मुलांच्या कामी कसं आलं, हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. व्यसन, मारहाण, उपासमार यांतून बाहेर पडलेली आणि आता दुसऱ्यासाठी काहीतरी करावं असं वाटणारी कितीतरी माणसं मला भेटतात. त्यांच्यासाठी हे आहे.

लहानपणाबद्दल थोडंच सांगते. बाबा प्यायचे. आई सकाळी कामाला जायची ती अंधार पडल्यावर परतायची. भाडं थकलं की सामान बांधायचं. नवी खोली, नवी शाळा, नव्या वाटा. धाकटा भाऊ माझ्या स्वाधीन होता. त्याला खाऊ घालणं, निजवणं, बाबांचा आवाज चढला की त्याला घेऊन बाहेर पडणं ही कामं मला कुणी नेमून दिली नव्हती. ती माझ्याकडे आली आणि राहिली. उद्यासाठी खायचं काहीतरी बाजूला काढून लपवून ठेवायची सवयही तेव्हाचीच. बाबा शुद्धीवर असले की फार मायाळू होते. तेच मला सर्वांत जड जायचं, कारण त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही.

या सगळ्यात शाळेतल्या एक बाई होत्या. शाळा सुटल्यावर मी घुटमळते, घरी जायला मागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. घरी काय चाललंय असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. एक दिवस म्हणाल्या, "मला वह्या तपासायच्यात, वेळ लागेल. इथे बसून अभ्यास करायचा असेल तर बस." मी बसायला लागले. तेवढा वेळ मी कशाचाही कानोसा घेत नसे. वह्यांवरून फिरणाऱ्या पेनाचा आवाज यायचा आणि त्या आवाजातून पुढे काही घडणार नाही याची मला खात्री असायची.

हालअपेष्टांनी माणूस घडतो, असं मला पुष्कळांनी कौतुकानं ऐकवलं आहे. मला ते पटत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते कुणी म्हणूच नये असं वाटतं. हाल माणसाला झिजवतात. मी घडले असेन तर त्या बाईंमुळे आणि पुढे भेटलेल्या दोन-तीन माणसांमुळे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, कलह, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा एकाहून अधिक अडचणींत वाढत होती, आणि त्यांतलीही एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम आणि मायाळू माणसं झाली. ती कशी तरली हे पाहताना एक गोष्ट वारंवार पुढे आली. घरातलं किंवा घराबाहेरचं, भरवशाचं एक तरी मोठं माणूस त्यांच्या वाट्याला आलं होतं. हे वाचलं तेव्हा बाईंच्या वह्यांचा गठ्ठा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. आता फार उशीर झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे धरून ठेवावं.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, स्वतःचं घर झालं. घरात पिणारं कुणी नव्हतं. तरीही रात्री लिफ्टचं दार वाजलं की मला खडबडून जाग यायची. कोण आलं, कुठल्या मजल्यावर गेलं, हे कळेपर्यंत डोळा लागत नसे. झोपेत दातावर दात इतके घट्ट बसायचे की सकाळी जबडा दुखायचा. जेवायचे ते उभ्यानं, भराभर, ताट कुणीतरी ओढून नेईल अशा घाईनं. यातलं काहीच मला विचित्र वाटत नव्हतं. माझ्या दृष्टीनं तो माझा स्वभाव होता. मग नोकरीतल्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब त्या वयाला नको इतका वाढलेला निघाला.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी आधी झोपेबद्दल विचारलं, मग खाण्याबद्दल, आणि मग सहज विचारावं तसं, "लहानपण कसं गेलं?" दवाखान्यात हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं तीच माणसं मध्येच उपचार सोडून जात होती. त्यांच्याशी बोलताना अनेकांच्या बालपणी अत्याचार झालेले निघाले. पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेत तपासणीला येणाऱ्या १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणाविषयी ठरावीक प्रश्न विचारले: घरात मारहाण होती का, कुणी व्यसनी होतं का, कुणी तुरुंगात होतं का, आणि असेच आणखी. पहिला निबंध १९९८ मध्ये आला. निम्म्याहून अधिक लोकांनी असा किमान एक तरी अनुभव सांगितला होता. चार किंवा त्याहून अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट होता. हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा धोकाही वाढलेला होता. ते बहुतेक मध्यमवर्गीय, मध्यमवयीन किंवा त्याहून मोठे लोक होते. त्यांची बालपणं कधीच मागे पडली होती, पण शरीरानं ती सोडली नव्हती.

डॉक्टरांनी लगेच हेही बजावलं, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते, की हे आकडे मोठ्या समूहाचा कल सांगतात. ते एका माणसाचं भविष्य नाहीत. मी मनातल्या मनात माझे अनुभव मोजायला लागले होते, ते त्यांनी थांबवलं. "सतत सावध राहणारं शरीर सतत ताणाची रसायनं सोडत राहतं," ते म्हणाले, "हृदयाची गती, रक्तदाब, साखर सगळं संकटाच्या तयारीत राहतं. थोडा वेळ ते उपयोगी असतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर झीज होते. आपण ती झीज थांबवायचं काम करू." त्यांनी रक्तदाबावर औषध सुरू केलं आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

सुरुवात झोपेपासून झाली. मला वाटलं होतं की आधी रडारड होईल, बाबांबद्दल बोलावं लागेल. बाई म्हणाल्या, ते सगळं करू, पण न झोपलेल्या माणसाला ते पेलणार नाही. त्यांनी निद्रानाशासाठीच्या वर्तन-उपचाराची पद्धत घेतली. तिचा एक महत्त्वाचा भाग रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडला होता: अंथरूण फक्त झोपेसाठी वापरायचं, झोप आली तरच तिथे जायचं, आणि काही वेळात डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. दिवसा झोपायचं नाही. ऐकायला फार साधं वाटतं. मला ते अतिशय कठीण गेलं, कारण माझं अंथरूण ही माझी पहाऱ्याची जागा होती. तिथे पडून मी घराची राखण करत होते आणि ती राखण सोडणं म्हणजे भावाला एकटं सोडणं, असं शरीर मला सांगत होतं. भाऊ तोवर दोन मुलांचा बाप झाला होता.

बाईंनी त्यावर एक तोडगा काढला. झोपायच्या आधी दाराची कडी एकदा नीट पाहायची. तिथेच उभं राहून स्वतःला मोठ्यानं सांगायचं, "दार लागलंय, आजचं काम झालं." पुन्हा उठून पाहायचं नाही. पहिले काही आठवडे मी पूर्वीपेक्षाही कमी झोपले. दिवसा डोकं जड असायचं आणि हे सोडून द्यावं असं रोज वाटायचं. मग हळूहळू अंथरुणाला पाठ टेकली की डोळे मिटायला लागले. पुढे एका सकाळी शेजारच्यांनी सांगितलं की रात्री वरच्या मजल्यावर सामान हलवताना केवढा गोंधळ झाला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

हालचालीचं प्रकरण वेगळंच निघालं. पळायला गेले की छातीत धडधड व्हायची आणि ती धडधड मला भीतीची वाटायची. अंगाला दोन्हींतला फरक कळत नव्हता. मी घामाघूम होऊन थांबायचे, आणि दमून नव्हे, घाबरून. समुपदेशक बाईंनी जिना दिला. दोन मजले भरभर चढायचं, थांबायचं, हाताची नाडी बोटांनी धरायची आणि ती खाली येईपर्यंत काहीही न करता उभं राहायचं. हृदय जोरात धावतं आणि आपोआप शांत होतं, कुणी मारायला येत नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं. मग चालणं, मग भरभर चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथवर पोचायला मला पुष्कळ वेळ लागला. पण रक्तदाबाच्या वहीत त्याचा परिणाम दिसायला लागला, तेव्हा कुणी आग्रह करायची गरज उरली नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात: बसून, एका जागी, ठरलेल्या वेळी. पोट भरल्याची जाणीव नीट व्हायला साधारण २० मिनिटं लागतात आणि माझं जेवण त्याच्या कितीतरी आधी संपलेलं असायचं. लपवून साठवण्याच्या सवयीबद्दल मला लाज वाटायची. बाईंनी ती सवय मोडायला सांगितलं नाही. त्यांनी एक डबा उघड्यावर, हाताशी ठेवायला सांगितला, कायम भरलेला. लपवायचं कारण संपलं तशी सवय विरत गेली. डबा अजून आहे. दारूला मी हात लावत नाही. मद्यासक्तीच्या धोक्याचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो, असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. बाबांना काय झालं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे हा निर्णय मला कधीच जड गेला नाही.

आणि हो, रडारडही झाली. बाबांवरचा राग निघाला, मग आईवरचा, जो मला ठाऊकच नव्हता. त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही. एवढंच सांगते की राग निघाल्यावर त्यांच्याबद्दलची माया कमी झाली नाही.

दुसऱ्यांसाठी काही करायची इच्छा याच काळात जोर धरायला लागली. असं अनेकांचं होतं आणि त्यात खोटं काही नाही. १९३५ मध्ये, दारू सोडलेले बिल विल्सन धंद्याच्या कामानिमित्त अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावी गेले होते. काम फसलं, पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका दारुड्या माणसाचा शोध घेतला, कारण त्याच्याशी बोललं तर आपण तरू असं त्यांना वाटलं. डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली: मदत करणाऱ्यालाही मदतीतून बळ मिळतं, कधी कधी घेणाऱ्यापेक्षा जास्त. अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांसाठीचे अलाटीन गट १९५७ पासून आहेत, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या लहानपणी असं काही आमच्या आसपास असतं तर मी गेले असते की नाही, कोण जाणे. पण भावाला नक्की नेलं असतं.

समुपदेशक बाईंना मी सांगितलं की मला मुलांसोबत काम करायचं आहे. त्यांनी विचारलं, "तिथे तू कुणाला वाचवायला जाणार आहेस?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनी घाईही केली नाही. पुढच्या काही भेटी आम्ही याच प्रश्नाभोवती होतो. लहानपणी घर माझ्यावर उभं होतं, निदान मला तसं वाटायचं. मी जागी राहिले तर सगळे सुखरूप. ती नेमणूक मी मनातून कधी सोडलीच नव्हती. तीच घेऊन मुलांमध्ये गेले असते तर मुलांना आधाराऐवजी आणखी एक घाबरलेलं मोठं माणूस मिळालं असतं. सेवा ही त्या जुन्या नेमणुकीची बढती होता कामा नये, हे मला तिथे कळलं आणि आजही मी स्वतःला त्याच निकषावर तपासते. रात्री झोप लागते ना, कुणी नाही म्हटलं तर चालतं ना, एखादा आठवडा आपण गेलो नाही तर काम चालेल यावर विश्वास आहे ना. या तिन्हींची उत्तरं बऱ्यापैकी होकारार्थी आली, तेव्हा मी अर्ज केला.

संध्याकाळी मुलांसाठी चालणारी अभ्यासिका. अर्जासोबत दोन परिचितांची शिफारसपत्रं, पोलिस पडताळणी, मग मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या ताईंनी माझं बालपण विचारलं आणि मी सांगितलं. त्या गोष्टीनं त्या भारावल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी विचारलं, "एखाद्या मुलानं तुमच्यासारखंच काही सांगितलं, तर त्या रात्री तुम्ही कुणाशी बोलाल?" माझ्याकडे नाव होतं.

प्रशिक्षण बरेच शनिवार-रविवार चाललं. त्यात नियम होते आणि प्रत्येक नियमामागचं कारण होतं. बंद दाराआड मुलासोबत एकट्यानं बसायचं नाही. पैसे, भेटवस्तू, स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही, कारण मूल धोक्यात असेल तर सांगावंच लागतं आणि मग मोडलेल्या वचनांच्या यादीत आपलंही नाव जातं. मुलानं काही सांगितलं तर "बाबांनी मारलं का?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, "मग काय झालं?" एवढंच. त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहायचे, आपले अर्थ त्यात मिसळायचे नाहीत, आणि बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच कळवायचं. तपास करणं आपलं काम नाही.

ऐकण्याच्या सरावावर सर्वांत जास्त वेळ गेला. आम्हाला चाड वारा यांची गोष्ट सांगितली होती. लंडनच्या एका चर्चचे हे पाद्री. १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी त्यांनी फोन सुरू केला. लोक भेटायलाही यायचे आणि बाहेर थांबायचे. तिथे स्वयंसेवक त्यांच्याशी गप्पा मारत बसायचे. त्यांच्याशी बोलूनच अनेकांचं मन इतकं हलकं व्हायचं की आत वारांना भेटायची गरज त्यांना वाटेनाशी झाली. वारांनी ते पाहिलं आणि पुढच्याच वर्षी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली. प्रशिक्षणात आम्ही जोड्या करून ऐकायचो. समोरचा बोलतो, आपण गप्प. माझ्या लक्षात आलं की मला ऐकता उत्तम येतं, पण मी ऐकत होते ते पुढचा धोका ओळखण्यासाठी. समोरच्याचा आवाज जरा बदलला की माझे खांदे वर जायचे. प्रशिक्षक ताईंनी ते नेमकं टिपलं. "कान तसेच राहू दे," त्या म्हणाल्या, "खांदे खाली घे." मी हे इतके वेळा केलं की आता ते आपोआप होतं.

अभ्यासिकेत एक मुलगी यायची. ती नेहमी दाराकडे तोंड करून बसायची आणि बाहेर मोठा आवाज झाला की तिचं पेन थांबायचं. आधीच्या ताईंनी तिला अभ्यासात लक्ष लागावं म्हणून खिडकीपाशी, दाराकडे पाठ करून बसवलं होतं. तिथे ती बेचैन व्हायची आणि तिला चंचल म्हटलं जायचं. मी तिला भिंतीला पाठ टेकेल आणि दार समोर दिसेल अशी जागा दिली. काही विचारलं नाही. मी जवळच वह्या घेऊन बसायचे. पहिल्या दिवसांत ती माझ्याशी अक्षरही बोलली नाही, पण पेन थांबायचं प्रमाण कमी होत गेलं. बऱ्याच महिन्यांनी, गणित सोडवता सोडवता, मान वर न करता तिनं घरातलं सांगायला सुरुवात केली. मी खांदे खाली घेतले. तिचं झाल्यावर म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस. हे मी एकटी माझ्याजवळ ठेवू शकत नाही. कुणाला आणि काय सांगणार आहे ते आधी तुला सांगते, मगच सांगते." तिला राग आला. दोन आठवडे ती मागच्या रांगेत बसली. मग परत आपल्या जागेवर आली. पुढे जे झालं ते तिचं आहे, ते मी लिहिणार नाही. ती सुरक्षित आहे.

त्या संध्याकाळी मी शब्द लिहून दिले, ज्यांचं नाव मुलाखतीत सांगितलं होतं त्यांना फोन केला, चालून आले, जेवले, कडी पाहिली आणि झोपले. ही झोप नसती तर मी हे काम वर्षभरही करू शकले नसते, हे मी अगदी ठामपणे सांगते. मुलांसाठी झटताना जेवणं चुकवणारे, रात्रभर फोनवर असणारे, फार चांगले स्वयंसेवक मी पाहिले आहेत. ते सगळे काही काळानं दिसेनासे झाले. मुलांच्या हिशेबात ते आणखी एक निघून गेलेलं माणूस ठरतं. म्हणून आमच्याकडे रात्रीची जबाबदारी पाळीपाळीनं असते आणि महिन्यातून एकदा प्रत्येकानं वरिष्ठांसोबत बसून, कोणत्या मुलाचं काय मनात राहिलंय ते बोलायचं असतं. हे ऐच्छिक नाही.

स्वतःच्या शरीरावर जे शिकले ते हळूहळू अभ्यासिकेत आणलं. पूर्वी मुलं आली की थेट पुस्तकं उघडायची. आता आधी पोटात काहीतरी, मग मैदान, मग अभ्यास. मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मुलांपैकी अनेकांना शाळेबाहेर खेळायला सुरक्षित जागाच नाही. धडधडणाऱ्या छातीला घाबरणारी मुलं मला आता लगेच ओळखू येतात. त्यांच्यासोबत मी जिना चढते आणि नाडी मोजते. त्यांना तो खेळ वाटतो. किशोरवयीन मुलांशी झोपेबद्दल बोलताना मी रात्री लवकर झोपा असं कधी म्हणत नाही, कारण ज्या घरात रात्री भांडण होतं तिथे ते मुलाच्या हातात नसतं. उठायची वेळ, दिवसाचं ऊन, संध्याकाळी शांत बसायला एक जागा, एवढ्या गोष्टींतलं जे हातात आहे ते आम्ही शोधतो.

मुलांना न्यायला येणाऱ्या आया बाहेर ताटकळत उभ्या असायच्या. त्यांच्यासोबत चालायला सुरुवात केली ती वेळ घालवायला म्हणून. आता तो गट झाला आहे. चालताना, कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसताना, बायका मोकळं बोलतात. त्यांतल्या दोघींना नंतर ऐकण्याचं प्रशिक्षण दिलं. ही कल्पना आमची नाही. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारात बाकांवर बसवलं. तिथे त्या नैराश्यानं त्रासलेल्यांशी बोलतात, एकेक प्रश्न सोडवायला मदत करतात. ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज्यांशी बोललेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा बरीच कमी होती. आज्यांना प्रशिक्षण होतं, देखरेख होती आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायची सोय होती, हे मात्र विसरून चालत नाही.

भावाला मी अभ्यासिकेत बोलावलं होतं. तो एकदा आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि परतताना म्हणाला, "ताई, मला त्या दिवसांजवळ परत जायचं नाही." मी पुन्हा विचारलं नाही. तो रोज एकाच वेळी घरी येतो, मुलांशी हळू आवाजात बोलतो, त्याच्या मुलांना पावलांचा अर्थ लावता येत नाही. आमच्या घराण्यात याहून मोठं काम कुणी केलेलं नाही. ज्यांनी सोसलं त्यांनी समाजासाठी काही केलंच पाहिजे, अशी सक्ती कुणावर होऊ नये. ज्याला बरं वाटतं त्यानं करावं, आणि बरं वाटणं थांबलं की थांबावं.

अभ्यासिकेतून बाहेर पडलेली मुलं आता मोठी होऊन स्वयंसेवक व्हायला येतात. त्यांच्यासाठी आम्ही दोन अटी ठेवल्या आहेत: वय १८ पूर्ण, आणि अभ्यासिका सोडल्यापासून किमान एक वर्षाचं अंतर. एक मुलगा या एका वर्षाच्या अंतराच्या अटीवरून माझ्याशी खूप भांडला. त्याला लगेच यायचं होतं, धाकट्या मुलांना त्याची गरज आहे असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला झोपेबद्दल विचारलं आणि तो चिडला. ते वर्ष त्यानं काढलं, मधे नोकरी धरली, व्यायाम सुरू केला, आणि आता पुन्हा अर्ज घेऊन आला आहे. त्याची मुलाखत मी घेणार नाही असं मी संस्थेला कळवलं. तो माझ्यासमोर वाढला, त्याला पारखणारं माणूस नवं असायला हवं. मुलाखत येत्या शनिवारी आहे.